आठवीच्या वर्गातलं तहसील ऑफिस

मी एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातल्या पहिल्या नऊ-दहा वर्षांत माझ्या विद्यार्थ्यांनी मला इंग्रजीतून एकच प्रश्न विचारला, 'मे आय गो टु टॉयलेट?' तो मात्र दिवसातून वीस वेळा. बाकी माझा निकाल चांगला लागायचा. मुलं निबंध पाठ करायची, पत्राचा नमुना पाठ करायची, उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यावर बोट फिरवून शोधायची आणि पास व्हायची. एकदा मंगरूळपीरच्या बसस्टँडवर माझीच एक दहावी पास झालेली मुलगी भेटली. मी हौसेनं 'हाऊ आर यू?' म्हटलं, तर ती आईचा पदर धरून तिच्या मागे लपली. आईच म्हणाली, "मॅडम, तिले येते सगळं. फक्त बोलता येत नाई."

बिचारी लेकीची बाजू घेऊन बोलली होती, पण त्या दिवशी कारंजाला घरी पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. भाषा येते आणि बोलता येत नाही, म्हणजे मी नऊ वर्षं नेमकं काय शिकवत होते?

माझी शाळा शेलूबाजारहून आत. चौकात एसटी सोडायची, जीपमध्ये बसायचं, आणि जीप भरली की निघायचं. वर्गात निम्मी मुलं गावातल्या शेतकऱ्यांची, निम्मी दोन किलोमीटरवरच्या तांड्यावरची. तांड्यावरची मुलं घरी बंजारा बोलत, गावात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकातलं मराठी, आणि त्यावर माझं इंग्रजी. म्हणजे माझा विषय त्यांची चौथी भाषा. हे माझ्या लक्षात यायलाही बरीच वर्षं लागली. मी त्यांना मागे पडलेली मुलं समजत होते.

मग मी रोल प्ले सुरू केला. ज्यांना वर्गात पाऊल ठेवून बरीच वर्षं झाली, त्यांच्यासाठी सांगते. रोल प्ले म्हणजे गॅदरिंगमधलं नाटक नव्हे. मुलांना एक प्रसंग द्यायचा, तू दुकानदार, तू गिऱ्हाईक, आणि त्यांनी त्या प्रसंगातून आपल्या बोलण्यानं वाट काढायची. मी पहिल्यांदा नेमकं नाटकच करून घेतलं. संवाद लिहून दिले, मुलांनी ते घोकले. प्रत्यक्षात गिऱ्हाईक झालेली मुलगी दुसरं वाक्य विसरली आणि तिनं एकदम शेवटचं म्हटलं, 'थँक यू, गुड बाय.' दुकानदार मात्र क्रम सोडायला तयार नव्हता. ती जागेवर जाऊन बसली तरी तो रिकाम्या जागेला विचारत होता, 'हाऊ मच शुगर डू यू वाँट?' वर्ग हसून लोळला. मला कळलं की यात कुणीच कुणाशी बोलत नाहीये.

पुढच्या वेळी मी संवाद दिलेच नाहीत. दोघांना दोन चिठ्ठ्या दिल्या. एकाच्या चिठ्ठीत लिहिलं, तुला अकोल्याला जायचंय, संध्याकाळच्या आत पोचायचंय. दुसऱ्याच्या चिठ्ठीत गाड्यांच्या वेळा, आणि त्यातली एक रद्द. एकमेकांची चिठ्ठी बघायची नाही. आता विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सगळी गोम एवढीच. समोरच्याकडे काहीतरी आहे जे मला माहीत नाही आणि ते मला हवंय, तेव्हाच माणूस तोंड उघडतो. व्याकरण चुकलं तरी मधे बोलायचं नाही, हा नियम मी स्वतःला घातला, आणि तो पाळताना जीभ अक्षरशः दातांखाली धरावी लागली. मुलं त्याला 'चिठ्ठीचा तास' म्हणू लागली.

सगळं गोड झालं असं नाही. गजानन नावाचा मुलगा बोलताना अडखळायचा. मला नवं औषध सापडल्याचा कैफ होता. मी त्याला मुद्दाम टेलिफोनवरची चिठ्ठी दिली. बोलेल तर सुधारेल, असा माझा शहाणपणा. तो 'हॅलो'वरच अडकला. वर्ग हसला. त्याचं सांगायचं कारण हे, की मीही हसले. अर्धा क्षण असेल, पण त्यानं पाहिलं. आज त्याचं शेलूबाजारच्या चौकात मोबाईलचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलतो, फारसा अडखळतही नाही. मला खुर्ची देतो, चहा मागवतो, आणि माझ्याशी कमीत कमी बोलतो. मी अजून त्याची माफी मागितलेली नाही. दुकानात नेहमी कुणीतरी असतं, ही माझी सबब.

पण सांगायचं आहे ते रविनाचं.

रविना तांड्यावरची, आठवीत. तिचे आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचे. तोवर ती आजीकडे राहायची. बारीक अंगाची, खालच्या आवाजात बोलणारी. कधी हात वर करायची नाही. त्या दिवशी तिला चिठ्ठी गेली तहसीलदाराची, आणि प्रज्वलला अर्जदाराची. प्रज्वल हा गावातल्या पुरुषोत्तमभाऊंचा मुलगा. भाऊंची शेतीवाडी मोठी, शाळा समितीवर ते कायमचे. प्रज्वलला रहिवासी दाखला मिळवायचा होता आणि रविनाच्या चिठ्ठीत फक्त एवढं होतं की अर्जाला एक कागद कमी आहे.

प्रज्वल टेबलापाशी आला आणि ऐटीत म्हणाला, "मे आय कम इन?"

रविनानं मान वर न करता सांगितलं, "नो. वेट."

तो थांबला. ती माझ्या हजेरीपटात काहीतरी लिहिल्यासारखं करत राहिली. मधेच खिडकीबाहेर बघितलं. खोटा चहा प्यायली. दोनेक मिनिटांनी प्रज्वलनं परत विचारलं, तर म्हणाली, "साहेब लंच." म्हणजे साहेब जेवायला गेलेत. साहेब तीच होती, हे वेगळं. आणि शेवटी अर्ज हातात घेऊन, एक नजर टाकून, परत देत, "वन पेपर नो. कम टुमारो."

"व्हिच पेपर?" प्रज्वल रडकुंडीला आला.

"टुमारो आय टेल."

मी इतकी वर्षं शिकवलं, पण असं जिवंत इंग्रजी माझ्या वर्गात कुणी बोललं नव्हतं. तासानंतर मी तिला विचारलं, "कुठं शिकलीस गं हे?" ती म्हणाली, "बापूसंग मंगरूळले तहसीलात गेल्ती नं, दाखल्यासाठी. तीन खेपा."

दुसऱ्या दिवशी पुरुषोत्तमभाऊ शाळेत आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत मला बोलावणं आलं. भाऊ तावातावानं बोलणारे नव्हते, शांतपणे बोलत, त्यामुळे जास्त धास्ती वाटायची.

"मॅडम, पोरगं माहं घरी येऊन सांगते का आज त्याले दारात उभं ठेवलं. कोनं? तर तांड्यावरच्या पोरीनं. साऱ्या वर्गासमोर."

"भाऊ, तो खेळ होता. उद्या तो साहेब होईल, ती अर्जदार."

"खेळ घरी खेळतेत न. तुमी इंग्रजी शिकवा. नाटकं काहून शिकवून राह्यल्या? आन शिकवाचीच तर कोनाले काय बनवा, थे पाहून बनवा."

मुख्याध्यापक सर चांगले होते, पण त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. भाऊ गेल्यावर म्हणाले, "मॅडम, थोडं सांभाळून घ्या. मी तास बंद करा म्हणत नाही."

मी सांभाळून घेतलं. हे लिहायला मला आजही बरं वाटत नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या चिठ्ठ्यांतून साहेब, तहसीलदार, डॉक्टर, पोलीस सगळे गेले. राहिले फक्त मित्र आणि मैत्रीण. दोन मित्र आवडत्या फळाबद्दल बोलतात. दोन मैत्रिणी सुट्टीबद्दल बोलतात. कुणी कुणाच्या वर नाही, कुणी खाली नाही, आणि कुणालाही कुणाकडून काही नकोय. वर्ग पुन्हा झोपाळला. मी स्वतःची समजूत घातली की असेही दिवस असतात.

तीन आठवड्यांनी मधल्या सुट्टीत रविना स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, माह्याकडून काही चुकलं का?"

"नाही गं. का?"

"मंग ऑफिसच्या चिठ्ठ्या काहून बंद झाल्या?"

मी खोटं बोलले. "जुन्या झाल्या होत्या, फाटल्या."

तिनं क्षणभर विचार केला. "म्या नव्या लिहून आनू?"

आणि दुसऱ्या दिवशी खरंच घेऊन आली. वहीचं मधलं पान काढून, घड्या घालून, सरळ रेषेत फाडलेल्या बारा चिठ्ठ्या. रेशनवाला आणि म्हातारी. कंडक्टर आणि बकरी घेऊन चढलेला माणूस. तलाठी आणि विधवा बाई. मुकादम आणि आजारी पडलेला मजूर. एकेक चिठ्ठीत कुणाला काय हवंय आणि कुणाकडे काय दडलंय, हे माझ्यापेक्षा नेमकं लिहिलेलं. मी त्या हातात घेऊन बसले. पोरीला कारण कळलं नव्हतं, की कळून तिनं मला वाट काढून दिली होती, हे मी तिला कधी विचारलं नाही.

मी स्टीलचे दोन डबे आणले. नावं एका डब्यातून, भूमिका दुसऱ्यातून. कुणाला काय बनवायचं हे यापुढे मी ठरवणार नाही, भाऊही नाहीत. आणि पालकसभा जवळ आली होती, तर सरांना म्हटलं, "या वेळी भाषण नको. पालकांनाच चिठ्ठी काढू द्या." सर म्हणाले, "चहा तरी ठेवा मग. माणसं थांबतील."

सभेला पुरुषोत्तमभाऊ आले आणि मागच्या दाराशी हाताची घडी घालून उभे राहिले. पहिली चिठ्ठी काढायला कुणी उठेना. शेवटी उठल्या त्या प्रज्वलच्या आई. जाडजूड, हसतमुख बाई. त्यांना निघालं, एसटीत पिशवी विसरलेली प्रवासी. चौकशी खिडकीवरच्या बाईसाठी मुलांच्या नावांच्या डब्यातून चिठ्ठी निघाली ती रविनाची. यात माझा काही हात नव्हता. हे आजतागायत कुणाला पटलेलं नाही. आईंना इंग्रजी येत नसल्यानं मधे दुभाष्या लागणार होता, आणि तो त्यांचाच मुलगा, हे उघडच होतं.

"माही थैली गेली वं बाई गाडीत," आईंनी सुरुवात केली, आणि आवाज असा लागला की दोन बायकांनी खरंच मागे वळून पाहिलं.

"हर बॅग गो इन बस," प्रज्वल म्हणाला.

"व्हॉट कलर?" रविना.

"आई, कोन्त्या रंगाची?"

"हिरवी. आन तिच्यात माह्या माहेरचं लोनचं व्हतं."

प्रज्वल अडला. लोणच्याला काय म्हणतात, त्याला आठवेना. तेव्हा रविना खिडकीवरची बाईच राहून, अगदी कामात असल्यासारखी, हळूच म्हणाली, "पिकल?"

"येस! पिकल!" तो ओरडला.

"हाऊ मच पिकल?"

"बरनीभर हाय म्हनाव," प्रज्वलनं विचारताच आई म्हणाल्या. "आंब्याचं."

रविनानं हजेरीपट उघडला, त्यात बोट फिरवलं, आणि गंभीरपणे सांगितलं, "सॉरी. बॅग हियर. पिकल नॉट हियर. ड्रायव्हर ईट."

हे प्रज्वलला सांगावंच लागलं नाही. त्याच्या आईंना 'ड्रायव्हर' कळलं, 'पिकल' कळलं, आणि त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मेला खादाड!" खोली हसण्यानं भरली. मी मागे पाहिलं. भाऊ हसत नव्हते, पण हाताची घडी सुटली होती.

आठवड्यानं ते सरांकडे आले. "चालू द्या म्हना मॅडमचं. घरी बायको दोन दिवस थेच सांगून राह्यली. पन माह्या पोराले एखांद्या वेळी साहेब करा." मी निरोप पाठवला की ते डब्याच्या हातात आहे. पुढे प्रज्वल बकरीवाला झाला, म्हातारी झाला, एकदा चक्क मुका भिकारी झाला, आणि साहेबाची चिठ्ठी त्याला निघता निघेना. त्याची काही तक्रार नव्हती. बकरी तो फार छान करायचा.

दिवाळी जवळ आली तशी रविना म्हणाली, या वर्षी तीही ऊसतोडीला जाणार. तिची याडी, म्हणजे आई, पोटुशी होती आणि सोबत कुणीतरी हवं होतं. मी तांड्यावर गेले. आई दारातच बसली होती, दमलेली. मी शाळेचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, तिकडं कर्नाटकात आमची बोली कोनाले समजत नाई. मले काही झालं त कोन बोलन?"

निघायच्या आदल्या आठवड्यात रविनाच म्हणाली, "मॅडम, मले डॉक्टरचं शिकवा." मी रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबले. डॉक्टर मी, ती मुलगी. 'एक्स्क्यूज मी, डॉक्टर. प्लीज हेल्प माय मदर. शी हॅज पेन.' मी विचारायचे, कुठं दुखतं, कधीपासून. ती उत्तर द्यायची. शेवटच्या दिवशी एकही चूक झाली नाही. तिला निरोप देऊन मी जीपमध्ये बसले ती समाधानानं.

ती परत आली तेव्हा उन्हं तापली होती. उंच झाली होती, काळवंडली होती. काखेत दोन-अडीच महिन्यांचा भाऊ. आई बरी आहे म्हणाली. मुलं तिच्याभोवती गोळा झाली. सगळ्यांना सगळं ऐकायचं होतं, तर मी म्हटलं, सांगू नकोस, करून दाखव. बाळ पुढच्या बाकावरच्या मुलीकडे देऊन ती टेबलापाशी आली. डबा काढला नाही, पण डॉक्टर व्हायला प्रज्वल आपणहून उठला. त्याला अखेर साहेबाचं काम मिळालं होतं.

तो खुर्चीत बसला आणि मी शिकवल्याप्रमाणे गोड हसून म्हणाला, "येस? हाऊ कॅन आय हेल्प यू?"

"असा नाई," रविना म्हणाली. "तू बसत नाई. तू चालते. हातात मोबाईल हाय तुह्या. माह्याकडं पाहूच नको."

प्रज्वल उठून चालू लागला. ती त्याच्यामागे. "एक्स्क्यूज मी, डॉक्टर. प्लीज हेल्प माय मदर." तो गेला. परत आला. "प्लीज, डॉक्टर." तो परत गेला. तिसऱ्यांदाही तेच. मग ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

"मॅडम, तुमचा डॉक्टर लय चांगला व्हता. खरा ऐकूनच घेत नाई. याडी बाकड्यावर झोपलेली, रक्त चाललेलं. म्या तीन डाव प्लीज म्हतलं. चौथ्या डावाले प्लीज काढून टाकलं."

"मग काय म्हणालीस?"

ती वळली, प्रज्वलच्या वाटेत आडवी उभी राहिली, आणि या मुलीच्या गळ्यातून मी कधी न ऐकलेला आवाज आला. "डॉक्टर! लुक! माय मदर ब्लड! कम नाऊ!"

प्रज्वल जागीच थांबला. मोबाईल म्हणून धरलेला कंपास त्याच्या हातातून पडला. बाळ दचकून रडू लागलं आणि ज्या मुलीकडे होतं ती त्याला थोपटायचं विसरली.

"आला मंग," रविना नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली. "पळत आला. सलाईन लावली, रक्त देलं. सकाळी हा झाला."

माझ्या मनात एकच चाललं होतं. मी तिला सगळं शिकवलं, पण समोरचा माणूस ऐकणारच नाही, ही शक्यता माझ्या एकाही चिठ्ठीत नव्हती. मी आयुष्यभर ज्या साहेबांशी बोलले, त्यांनी मला निदान बसा तरी म्हटलं होतं. तिनं 'साहेब लंच' म्हटलं तेव्हा मी नुसती हसले होते, त्यातून शिकले काहीच नाही. पुढे मी निवृत्त होईपर्यंत माझ्या दर दुसऱ्या चिठ्ठीत एक ओळ असायची, 'तू ऐकत नाहीस.'

रविनानं बाळाला परत घेतलं, खांद्यावर टाकलं आणि विचारलं, "मॅडम, थे वाक्य चुकलं व्हतं नं? बरोबर कसं म्हनाचं?"

शिक्षिकेला असा प्रश्न विचारला की हात आपोआप खडूकडे जातो. मी फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलं, 'डॉक्टर, प्लीज कम ॲट वन्स. माय मदर इज ब्लीडिंग.' सगळ्या वर्गानं ते वहीत उतरवून घेतलं. रविनानं बाळाला थोपटत ते ओठातल्या ओठात दोनदा म्हणून पाहिलं, आणि मान हलवली.

"बरोबर हाय मॅडम," ती म्हणाली. "पन लय लांब हाय. एवढ्यात तो निघून जाते."